सर्व सोयी सज्ज

“मोठ्या बाई, तुम्ही बाहेरच थांबा. आत यायच्या लायकीचं नाहीये,” मामा आतून ओरडले.

मोठ्या बाई तोवर उंबरठा ओलांडून आत गेल्या होत्या. मुलींच्या स्वच्छतागृहात घोट्यापर्यंत पाणी साचले होते, आणि त्याला पाणी म्हणायचे ते दुसरा शब्द तोंडावर येऊ नये म्हणून. पाचपैकी चार संडास काठोकाठ भरलेले. पाचव्याचे दार निखळून आडवे पडलेले, आणि त्या दारावरही कोणीतरी बसून गेलेले.  बाईंनी तोंड मिटून नाकाने श्वास घेतला, मग नाक दाबून तोंडाने घेतला, आणि दुसरा प्रकार पहिल्यापेक्षा वाईट निघाला.

सुटीत शिक्षण विभागाने शाळेची इमारत क्रीडास्पर्धेसाठी मागून घेतली होती. दोनशे खेळाडू दहा दिवस वर्गांत झोपले. जाताना बक्षिसे घेऊन गेले, बाकी सगळे इथे ठेवून गेले. मामांनी लांब सळई एका भांड्यात खुपसली, फिरवली आणि ओढली. पट्ट्या, मलमाची ट्यूब, चिप्सची पाकिटे आणि शेवटी एक लांबलचक मोजा.

“मोजा संडासात टाकतात, बाई. म्हणजे पायातला काढून, बरं का. आधी बूट सोडला असेल, मग मोजा काढला असेल. वेळ काढून केलंय हे.”

मामा शाळेचे शिपाई. बावीस वर्षे तिथेच. मोठ्या बाई त्यांच्याआधी दोन वर्षे शाळेत आलेल्या. आधी साध्या बाई, आणि गेली नऊ वर्षे मोठ्या बाई. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. सोमवारी शाळा उघडायची होती, आणि आज गुरुवार होता.

बाईंचा फोन वाजला. विभागाचा संदेश होता, या महिन्यातला नववा. त्यांनी तो कोपर नाकाला लावून वाचला. ‘प्रिय मुख्याध्यापक, आपण केवळ प्रशासक नाही, आपण स्वप्नांचे शिल्पकार आहात! नव्या शैक्षणिक वर्षाकडे हसतमुखाने पाहा. आज अकरा वाजता प्रेरणा मेळाव्यास उपस्थिती अनिवार्य. सज्जता प्रपत्र दहापर्यंत न भरल्यास खुलासा मागवण्यात येईल.’

“काय म्हणतायत?” मामांनी विचारले.

“हसतमुखाने बघा म्हणतायत.”

मामांनी सळईच्या टोकावरच्या मोज्याकडे पाहिले. “बघतोय की.”

ऑफिसात क्लार्क संगणकासमोर प्रपत्र उघडून बसला होता. बेचाळीस प्रश्न. एकेचाळीसची उत्तरे भरून झाली होती. सतरावा प्रश्न तेवढा मोकळा होता: मुलींसाठी वापरण्यायोग्य स्वच्छतागृह उपलब्ध आहे काय? होय किंवा नाही.

“मॅडम, ‘होय’ टाकू ना?” तो म्हणाला. “‘नाही’ टाकलं तर पुढे आणखी तीस प्रश्न उघडतात. कारण, उपाय, मुदत. ‘होय’ टाकलं की हिरवं होतं आणि आपण मोकळे.”

 स्वच्छतागृहासाठी बाईंनी पाच आठवड्यांत विभागाला सात पत्रे लिहिली होती. एकाचेही उत्तर आले नव्हते. आणि ‘नाही’ लिहिले तर काय होते तेही त्यांना ठाऊक होते. तीन वर्षांपूर्वी गोदामाजवळच्या शाळेच्या बाईंनी खरे लिहिले होते. ती शाळा ‘तात्पुरती’ बंद झाली, मुले हमरस्त्यापलीकडच्या शाळेत पाठवली. मुलगे गेले. मुली महिनाभर गेल्या आणि मग एकेक करून घरी बसल्या. ती शाळा आजही तात्पुरती बंद आहे.

“फोटो लागतो त्याला,” बाई म्हणाल्या.

“आहे ना.” क्लार्कने पडद्यावर एक चित्र आणले. गुलाबी फरशा, चकचकीत नळ, पांढरेशुभ्र भांडे.

“हे कुठलं?”

“माझ्या मेहुण्याच्या नव्या घरातलं. परवाच गृहप्रवेश झाला.”

बाईंना त्या क्षणी त्याची किळस आली. त्याच्या तत्परतेची, तेल लावून चापून बसवलेल्या भांगाची. पण तो शाळेसाठीच करत होता, आणि कोणाच्या सहीने करत होता हेही उघडच होते.

“टाका,” त्या म्हणाल्या.

चौकोन हिरवा झाला. खाली अक्षरे उमटली: अभिनंदन! आपली शाळा सर्व सोयींनी सज्ज आहे.

बाईंनी बाहेरच्या नळाखाली तीनदा पाय धुतले. साबण लावून चपला घासल्या. घरी जाऊन कपडे बदलायला वेळ नव्हता. बसमध्ये शेजारच्या बाईने खिडकी उघडली तेव्हा त्यांना वाटले, उकाड्यामुळे असेल. ती उठून पुढे जाऊन उभी राहिली तेव्हा मात्र त्यांनी पाय बाकाखाली ओढून घेतले.

मेळाव्याचे सभागृह गार होते. दारात प्रत्येकाला एक फाइल, एक पेन आणि एक मग मिळत होता. मगवर लिहिले होते: मी घडवतो. बाई शेवटच्या रांगेत जाऊन बसल्या. थोड्या वेळाने नदीकाठच्या शाळेचे हेडसर त्यांच्या शेजारी टेकले. दोघांची नोकरी एकाच वर्षी, एकाच शाळेत सुरू झाली होती. एकमेकांना काही सांगायला त्यांना प्रस्तावना लागत नसे. हेडसरांनी दोनदा नाक वर करून हुंगले.

“इथे उंदीर मेलाय कुठेतरी.”

“मी आहे ती,” बाई म्हणाल्या. “संडासातून सरळ इथे आले.”

हेडसर हसले नाहीत, आणि उठून दुसरीकडेही गेले नाहीत. “माझ्याकडे पाणीच नाही,” ते हळूच म्हणाले. “पण प्रश्न होता, टाकी आहे का? टाकी आहे. मी ‘होय’ लिहिलं. टाकीत काय आहे ते कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.”

“काय आहे?”

“कबुतरं. होती.”

व्यासपीठावर वक्ता आला. गालाला चिकटलेला माइक, पायांत पांढरे बूट. हा गृहस्थ आधी पाणी शुद्ध करायची यंत्रे विकायचा, अशी हेडसरांची माहिती होती. त्याने सगळ्यांना डोळे मिटायला लावले. “तुमच्या स्वप्नातली शाळा बघा. बघा तिचा रंग! घ्या तिचा सुगंध!” तीनशे मुख्याध्यापकांनी छाती भरून श्वास घेतला. पुढच्या रांगेतले दोघेतिघे डोळे उघडून मागे वळून बघू लागले.

“आता शेजाऱ्याकडे वळा, त्याच्या डोळ्यांत बघा आणि म्हणा, तू दिवा आहेस!”

“बाई, तुम्ही दिवा आहात,” हेडसर म्हणाले.

“विझवा आता,” बाई म्हणाल्या.

माणसे मात्र खरोखरच म्हणत होती. निवृत्तीला आलेले, केस पिकलेले, आपापल्या शाळेत ज्यांच्या पावलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होतात असे लोक एकमेकांचे हात धरून दिवा-दिवा करत होते आणि विभागाची माणसे बाजूला उभी राहून त्यांचे चित्रण करत होती. बाईंना सकाळच्यापेक्षा जास्त मळमळले. सकाळची घाण निदान घाणीसारखी दिसत तरी होती.

मग विभागाचे साहेब बोलायला उभे राहिले. चाळिशीतला हुशार, गोड बोलणारा माणूस. नोकरीच्या पहिल्या वर्षी तो बाईंच्याच शाळेत शिक्षक होता. वर्गात पोरे ऐकत नाहीत म्हणून मधल्या सुट्टीत रडलेला, आणि बाईंनी त्याला शेजारी बसवून फळ्यावर कसे लिहायचे, कुठे थांबायचे, कुणाकडे बघायचे, हे शिकवलेले. आता तो तीनशे जणांकडे बघत होता आणि बरोबर तिथे थांबत होता.

“नव्या वर्षाची खूशखबर देतो. आपल्या विभागातल्या सगळ्या शाळांची सज्जता: शंभर टक्के!” टाळ्या झाल्या. “आणि संगणकाने निवडलेल्या पाच आदर्श शाळांचा आज गौरव करू या.”

पडद्यावर पहिलाच फोटो उमटला तो भिंतीएवढा मोठा. गुलाबी फरशा. त्या आकारात आणखीही काही दिसत होते: नळाच्या वरच्या फळीवर दाढीचा ब्रश, वस्तरा आणि साबणाची डबी.

हेडसरांनी मान तिरकी केली. “बाई, तुमच्या मुली दाढी करतात?”

बाईंचे नाव पुकारले गेले होते. त्या उठल्या. मधल्या वाटेने पुढे जाताना खुर्च्यांतल्या माणसांची नाके एकेक करून आक्रसताना त्यांना दिसत होती, आणि हात मात्र टाळ्या वाजवत होते. पायऱ्या चढून त्या वर गेल्या. साहेब प्रमाणपत्र घेऊन पुढे झाले, वाकले आणि अर्धे पाऊल मागे सरकले. फोटोसाठीचे हसू तसेच ठेवून ओठ न हलवता त्यांनी विचारले, “कसला वास येतोय हो?”

“माझाच आहे, साहेब,” बाई म्हणाल्या. “शाळेचे संडास तुंबलेत. सकाळपासून त्यातच उभी होते.”

माइक चालू होता. सभागृह एकदम शांत झाले. बाईंना वाटले, झाले. आता फुटले. आणि त्यांना भीती वाटण्याऐवजी हलके वाटले. त्या पुढे म्हणाल्या, “तो फोटो आमचा...”

“ऐकलंत?” साहेबांनी माइक ओढून घेतला. त्यांचे डोळे चमकत होते. “ऐकलंत का मंडळी? स्वतः मुख्याध्यापिका! या वयात! स्वतःच्या हातांनी शौचालय साफ करून थेट इथे आल्या! कपडे बदलायलासुद्धा थांबल्या नाहीत! याला म्हणतात निष्ठा!”

क्षणभर कोणाला काही कळले नाही. मग वक्ता उभा राहिला आणि त्याने डोक्यावर हात नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. संगीत लागले. तीनशे माणसे उभी राहिली. बाई बोलत होत्या, त्यांचे ओठ हलत होते. पण त्यांचे त्यांनाही ऐकू येत नव्हते. त्यांच्या हातात आणखी एक मग दिला गेला.

दुपारी त्या साहेबांच्या खोलीत गेल्या. फाइलमधल्या कोऱ्या कागदावर त्यांनी चार ओळी लिहून आणल्या होत्या: प्रपत्रातील प्रश्न सतराचे उत्तर मी चुकीचे दिले आहे. फोटो आमच्या शाळेचा नाही. स्वच्छतागृह वापरण्यायोग्य नाही. तातडीने सफाई व दुरुस्ती व्हावी.

साहेबांनी कागद वाचला, त्याची नीट घडी घातली आणि तो टेबलावरून परत सरकवला. खिडकी त्यांनी आधीच उघडली होती.

“बाई, मी हे वाचलंच नाही. शंभर टक्के वर गेलंय. आता तुम्ही नव्व्याण्णव केलंत तर उद्या प्रत्येक ‘होय’ तपासतील. किती जणांची अडचण होईल, विचार करा.”

“आणि पोरींची?”

“पंधरा दिवसांत माणूस पाठवतो. शब्द देतो.”

“तोवर त्यांनी काय करायचं? पाणी पिऊ नका म्हणू?”

“तुम्ही मला चुकीचं समजताय.” त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. “तुम्हीच तर मला घडवलंत.”

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिले. मग कागद उचलला. “तसं कुणाला सांगू नकोस,” त्या म्हणाल्या. बऱ्याच वर्षांनी त्या त्याच्याशी एकेरीत बोलल्या होत्या.

खाली आवक विभागात एक बाई हनुवटीखाली हात घेऊन बसली होती. तिने कागद घेतला, न वाचता त्यावर शिक्का मारला, नोंदवहीत क्रमांक चढवला आणि पोच दिली. एवढेच. आपण कसला कागद आत घेतला हे तिला कधीच कळणार नव्हते.

घरी आल्यावर बाई तासभर न्हाणीघरात होत्या. बाहेर आल्या तेव्हा नवरा दाराशीच फोन धरून उभा. “लेकीचा आहे. तू प्रसिद्ध झालीस म्हणे.”

विभागाने व्यासपीठावरचे चित्रण सगळीकडे पाठवले होते. “आई, माझ्या ऑफिसातसुद्धा आलाय तुझा व्हिडिओ,” लेक म्हणाली. “सगळे म्हणतायत, काय बाई आहे! पण तुझा चेहरा कसा झालाय गं त्यात? कुणी काही बोललं का?”

“नाही गं. टाळ्या वाजवल्या,” बाई म्हणाल्या.

शनिवारी शाळेत दोन कागद आले, एकाच पाकिटात. पहिले परिपत्रक होते. एका आदर्श मुख्याध्यापिकेपासून प्रेरणा घेऊन विभागातील सर्व मुख्याध्यापकांनी शाळा उघडण्याच्या पूर्वदिनी स्वतः शौचालय स्वच्छ करावे व तसे करतानाचे छायाचित्र पाठवावे. चेहरा स्पष्ट दिसावा. दुसरी नोटीस होती. प्रपत्रात खोटी माहिती भरल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, याचा सात दिवसांत खुलासा करावा. दोन्हींवर सही एकच होती. सात पत्रांना पाच आठवड्यांत उत्तर न देणाऱ्या विभागाने आठव्याला दोन दिवसांत उत्तर दिले होते.

हेडसरांचा फोन आला. “तुमच्या कृपेने मी उद्या झाडू घेऊन उभा राहणार आहे. हसतमुखाने. टाकीवर चढूनही काढायचा का फोटो?” ते हसत होते, मग हसायचे थांबले. “बाई, ते माझ्याकडे येतील का हो, तपासायला? मला सहाच महिने राहिलेत.”

“येतील बहुतेक.”

 “मग आजच टाकी उपसून घेतो,” हेडसर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

रविवारी सकाळी विभागाचा छायाचित्रकार मोटारसायकलवरून आला. बरोबर कोरा झाडू, पिवळे हातमोजे आणि नाकाला लावायचा सुवासिक रुमालही. तो आत डोकावला आणि दाराबाहेर जाऊन ओकला. सावरल्यावर म्हणाला, “मॅडम, आपण व्हरांड्यातच घेऊ. मागे कोरी भिंत घेतली तर कळणार नाही.”

“काढायचा असेल तर आतला काढा,” बाई म्हणाल्या. “माझा नको.”

“आतला कशाला हो? तो कुणी बघणार आहे का?”

“मग राहू दे.”

त्याला रिकाम्या हाताने परत जाणे भाग पडले. जाताना तो झाडू मात्र आठवणीने परत घेऊन गेला. तो पुढच्या शाळेत लागणार होता.

बाईंनी खुलाशात दोनच वाक्ये लिहिली: मी खोटे लिहिले होते. आता खरे लिहिले आहे. चार महिन्यांनी त्यांच्या सेवापुस्तकात ठपका चढला आणि शेवटची वेतनवाढ रोखली गेली. मैला उपसणारी गाडी मात्र त्याआधीच, शाळा उघडल्यावर अकराव्या दिवशी आली. बाईंच्या पत्रामुळे की साहेबांच्या शब्दामुळे, ते कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. पण ते पुढचे. मधले अकरा दिवस काढायचे होते.

त्यासाठी त्या रविवारी दुपारभर शाळेच्या आजूबाजूला, मुलींना संडास वापरू द्याल का असे विचारत, दारोदार फिरल्या. सुताराने नाही म्हटले. औषधवाल्याने आमच्याकडेच पाणी एक वेळ येते असे सांगितले. एका घरातल्या बाईने दार अर्धेच उघडले, ऐकून घेतले आणि “एवढ्या पोरी? शी!” म्हणून लावून घेतले. शेवटी रस्त्यापलीकडच्या छापखान्यात, पुस्तके शिवणाऱ्या बायकांनी मालकाला न विचारताच होकार दिला. “आम्हीच धुतो ते, आम्हीच वापरतो. पाठवा पोरींना. फक्त कडी तुटलीये हं, बाई.”

सोमवारी शाळा भरली. बाईंनी प्रार्थनेनंतर भाषण केले नाही. साडेदहाला मधली सुट्टी झाली तेव्हा मुलींची रांग फाटकापाशी उभी केली. मामा रस्त्याच्या मधोमध सळई आडवी धरून थांबले. ट्रक थांबले, मागच्या मोटारींनी भोंगे वाजवले, कोणीतरी काच खाली करून शिवी घातली. मुली दोघीदोघींनी हात धरून पलीकडे गेल्या.

छापखान्याच्या मागच्या बोळात ते एकच दार होते. आत फिनेलचा वास येत होता. पहिल्या नंबरला पहिलीतली मुलगी होती, आजच शाळेत आलेली, नवे दप्तर पाठीवरून उतरवायला तयार नसलेली. ती आत गेली, पुन्हा बाहेर आली.

“बाई, दार राहत नाही.”

“मी धरते. जा तू.”

बाई दाराकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि मागे हात नेऊन त्यांनी फळीची कड बोटांत पकडली. समोर रांगेतल्या मुली एकमेकींना ढकलत होत्या. शिवणकाम थांबवून दोन बायका खिडकीतून बघत होत्या.

“बाई,” आतून आवाज आला. “आहात ना?”

“आहे गं.”

थोडा वेळ गेला.

“बाई, अजून आहात ना?”

“आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी दार आणखी घट्ट धरले.